प्रकाशाने घेतलेला डोळ्याच्या पडद्याचा छेद

डोळ्याचा पडदा, ज्याला शास्त्रीय लेखनात दृष्टिपटल म्हणतात, हा गर्भावस्थेत मेंदूतूनच पुढे आलेला भाग असून शरीराला कोठेही छेद न देता, केवळ बाहुलीतून प्रकाश टाकून, चेतापेशींची इतकी मोठी रचना प्रत्यक्ष पाहता येईल अशी जागा शरीरात दुसरी नाही. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण जगापुढे ठेवले आणि तेव्हापासून जवळपास दीड शतक नेत्रवैद्य हा पडदा समोरून पाहत आले. त्यावरील रक्तवाहिन्यांचे वळसे, रक्ताचे ठिपके, पिवळसर साठे आणि मुख्य नसेची फिकट चकती यांची आधी चित्रे काढत आले आणि पुढे छायाचित्रे घेत आले. या पाहण्यात एक मोठी उणीव होती, ती म्हणजे पडदा समोरून दिसे, पण त्याची खोली दिसत नसे. वरून पाहिलेल्या शेतात पीक, बांध आणि पाण्याचे पाट दिसतात, परंतु खाली काळी माती किती आणि मुरूम किती हे विहीर खणताना उघड्या पडलेल्या कडेवरच कळते, तसाच हा प्रकार होता. आणि पडद्याचे बहुतेक गंभीर आजार तर खोलीतच सुरू होतात.

ही खोली किती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. दृष्टिपटलाची जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हटले तर सुमारे २५० मायक्रॉन इतकीच असते, आणि एवढ्याशा जाडीत शरीररचनाशास्त्राने दहा थर मोजलेले आहेत. डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक काचाभ द्रवाला लागून चेतातंतूंचा थर असतो, त्याखाली हे तंतू ज्यांच्यापासून निघतात त्या गँग्लिऑन पेशी, मधल्या भागात संदेश पुढे नेणाऱ्या जोडपेशी, आणि सर्वांत शेवटी प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी व शंकुपेशी असतात. त्यांच्याही मागे त्यांचे पोषण करणारा रंगद्रव्ययुक्त पेशींचा एकेरी थर आणि त्यामागे रक्तवाहिन्यांनी भरलेले रंजितपटल असते. म्हणजे प्रकाशाला इतर सर्व थर ओलांडूनच प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोहोचावे लागते, आणि म्हणूनच निरोगी पडदा जवळजवळ पारदर्शक असतो. या पारदर्शकतेचाच लाभ घेऊन पडद्याचा आडवा छेद घेणारी तपासणी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, दवाखान्यातील रोजच्या बोलण्यात ओसीटी.

या तपासणीचे मूलतत्त्व सोनोग्राफीसारखेच आहे. फरक एवढाच की येथे ध्वनीऐवजी प्रकाश पाठवला जातो आणि वेगवेगळ्या खोलीवरून तो किती प्रमाणात परततो हे नोंदले जाते. परंतु हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर या वेगाने जातो, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने आला हे इलेक्ट्रॉनिक घड्याळाने सहज मोजता येते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि दहा मायक्रॉन अंतर कापायला त्याला लागणारा वेळ म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यांपैकी एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. हा वेळ थेट मोजू शकेल असे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही. त्यासाठी प्रकाशाच्या लाटांची लाटांशीच तुलना करावी लागते, आणि त्याकरिता आल्बर्ट मायकेलसन यांनी एकोणिसाव्या शतकात वापरलेली व्यतिकरणमापकाची युक्ती उपयोगी पडते. प्रकाशझोताचे दोन भाग केले जातात, एक डोळ्यात जातो, दुसरा ठरावीक अंतरावरील आरशावर, आणि दोन्ही परतल्यावर एकत्र आणले जातात. दोघांनी कापलेले अंतर सारखे असेल तरच त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळून ठळक नक्षी उमटते. येथे वापरलेला प्रकाश मुद्दाम अनेक तरंगलांबींचे मिश्रण असलेला, म्हणजे लाटांची परस्परसंगती फार थोड्या अंतरापुरतीच टिकणारा, असा निवडलेला असतो, कारण ही संगती जितक्या लहान अंतरात मोडते तितके खोलीचे मोजमाप नेमके होते. तरंगलांबीचा पट्टा जितका रुंद तितका छेद बारीक, असे हे नाते आहे. ८४० नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्याला जेमतेम लालसर दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने आजची यंत्रे पाच मायक्रॉनपर्यंतचा भेद ओळखतात, तर डोळ्याची नेहमीची सोनोग्राफी शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आत जाऊ शकत नाही. यात क्ष-किरण नसतात, आणि डोळ्यात जाणारा प्रकाश एक मिलीवॅटहूनही कमी शक्तीचा असतो, त्यामुळे ही तपासणी वारंवार करण्यात धोका नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेम्स फुजिमोटो यांच्या प्रयोगशाळेत, डेव्हिड ह्वांग हा विद्यार्थी आणि प्रकाशतंतूंच्या दूरसंचार तंत्रात मुरलेले अभियंते एरिक स्वॉन्सन यांच्या सहभागाने ही पद्धत आकाराला आली आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तिचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे शरीराबाहेर काढलेल्या दृष्टिपटलाची आणि हृदयाच्या रोहिणीची होती; जिवंत माणसाच्या पडद्याचे छेद १९९३ मध्ये मिळाले, आणि त्यात व्हिएन्ना येथील आडोल्फ फेर्चर यांच्या गटाचाही स्वतंत्र वाटा होता. कार्मेन पुलियाफितो आणि जोएल शुमन या नेत्रवैद्यांनी ही पद्धत प्रयोगशाळेतून रुग्णांपर्यंत नेली आणि १९९६ मध्ये पहिले यंत्र बाजारात आले. ते सेकंदाला जेमतेम शंभर रेघा टिपणारे, धूसर चित्रे देणारे यंत्र होते आणि अनेक नेत्रवैद्यांना त्याचे मोल पटायला काही वर्षे जावी लागली. २००२ च्या सुमारास रेघांची संख्या चारशेवर गेली. त्यानंतर वेगवेगळ्या खोलीसाठी पुढे-मागे सरकवाव्या लागणाऱ्या आरशाची जागा वर्णपटाच्या गणिती विश्लेषणाने घेतली तेव्हा ती एकदम वीस हजारांच्या पुढे पोहोचली, आणि डोळ्याची बारीकशी हालचालही ज्या चित्राला बिघडवत असे ते चित्र स्थिर झाले. २०२३ मध्ये फुजिमोटो, ह्वांग आणि स्वॉन्सन यांना वैद्यकातील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले, ते या कामासाठीच.

प्रत्यक्ष तपासणी इतकी सोपी असते की रुग्णाला तिचे महत्त्व जाणवत नाही. हनुवटी आणि कपाळ टेकवून समोरच्या हिरव्या किंवा निळ्या खुणेकडे टक लावायची, एक अंधूक लाल रेघ वरून खाली सरकताना दिसते, आणि काही सेकंदांत काम होते. डोळ्याला काहीही स्पर्श करत नाही आणि बाहुली मोठी करणारे थेंबही प्रत्येक वेळी लागत नाहीत. मात्र पिकलेला मोतीबिंदू, कोरडा पडलेला डोळा किंवा खुणेवरून ढळलेली नजर यांमुळे परतणारा प्रकाश क्षीण होतो, आणि म्हणून प्रत्येक अहवालाच्या कोपऱ्यात संकेताची ताकद दाखवणारा एक आकडा छापलेला असतो. एका प्रचलित यंत्रावर तो दहापैकी सहाच्या खाली असेल तर पुढचे सगळे आकडे संशयास्पद धरावेत असा दंडक आहे. अहवालावरील रंगांकडे आधी नजर जाते, पण वाचायला सुरुवात या कोपऱ्यापासून झाली पाहिजे; डोळा कोरडा असेल तर कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाकून पुन्हा तपासणी केल्यावर आधीचा 'आजार' नाहीसा झाल्याचे तंत्रज्ञ अनेकदा पाहतात.

निरोगी पडद्याच्या छेदात उजळ आणि काळसर पट्टे एकावर एक रचलेले दिसतात आणि मधोमध एक सौम्य खळगा असतो. हा खळगा म्हणजे पीतबिंदूचे केंद्र. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे याच जागेवर अवलंबून असतात. मधुमेहात नेमक्या याच जागेवर घाला येतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्यातील केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात आणि त्यातून आलेला द्रव पेशींच्या मधे साचतो. छेदात तो खळगा भरून आलेला, कधी उंचवट्यासारखा वर उचललेला दिसतो, मधल्या थरांमध्ये काळ्या पोकळ्या तयार झालेल्या असतात, त्यांच्या कडेला स्निग्ध पदार्थांचे चकचकीत ठिपके आणि त्या ठिपक्यांच्या मागे पडलेल्या सावल्या दिसतात, आणि काही डोळ्यांत खळग्याच्या तळाशी, प्रकाशग्राही पेशी व रंगद्रव्याचा थर यांच्यामध्ये, द्रवाची एक स्वतंत्र चकती असते. पूर्वी ही सूज नेत्रवैद्याला भिंगातून, दोन्ही डोळ्यांनी खोलीचा अंदाज घेत ओळखावी लागे आणि तज्ज्ञांमध्येही त्याबाबत एकमत होईलच असे नसे. आता मध्यभागातील एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी जाडी थेट आकड्यात मिळते.

या आकड्याने उपचाराची दिशाच बदलली. झिरपणाऱ्या वाहिन्यांमागे असलेल्या व्हीईजीएफ या प्रथिनाला रोखणारी औषधे डोळ्यात इंजेक्शनने देण्याची प्रथा २००५ नंतर रूढ झाली. मायामीतील फिलिप रोझेनफेल्ड यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठीचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध उतारवयातील पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या ओल्या, म्हणजे वाहिन्या झिरपणाऱ्या, प्रकाराने ग्रस्त एका रुग्णाच्या डोळ्यात अत्यल्प मात्रेत वापरले, तेव्हा त्याच्या परिणामाचा पहिला पुरावा ओसीटीनेच दिला, आणि २००५ मधील त्या वृत्तान्ताच्या शीर्षकातही ओसीटीवरील निष्कर्षांचाच उल्लेख होता. भारतात हे स्वस्त औषध आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. पुढे ४० रुग्णांच्या 'प्रॉन्टो' या अभ्यासात दरमहा ठरलेले इंजेक्शन देण्याऐवजी मुख्यत्वे ओसीटीवर द्रव पुन्हा दिसला तर ते द्यायचे असे ठरवले गेले, तेव्हा पहिल्या वर्षी सरासरी बारांऐवजी ५.६ इंजेक्शनांवर काम भागले. ज्या देशात बहुतेकांना औषधाचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो, तेथे निम्म्याने कमी झालेल्या इंजेक्शनांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तथापि जाडी वाढली म्हणजे लगेच सुई, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील 'डीआरसीआर रेटिना नेटवर्क' या संशोधन-जाळ्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पीतबिंदूच्या केंद्रात सूज असूनही नजर उत्तम असलेल्या सुमारे सातशे मधुमेही रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला सुरुवातीपासून इंजेक्शने दिली, दुसऱ्याला लेझर, तर तिसऱ्यावर केवळ लक्ष ठेवून नजर उतरू लागली तरच इंजेक्शन दिले. दोन वर्षांनी नजर लक्षणीय उतरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६, १७ आणि १९ टक्के होते, म्हणजे त्यांत अर्थपूर्ण फरक नव्हता. चित्रातील द्रव हे सत्य आहेच, परंतु त्यावर आज काय करायचे हे ठरवताना रुग्णाला प्रत्यक्ष किती दिसते याला तितकेच वजन द्यावे लागते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: द्रव साचलेला असूनही रुग्णाची नजर ६/६ असू शकते, आणि 'मला तर सगळे स्वच्छ दिसते' हे मधुमेही माणसाचे म्हणणे खरे असले तरी त्याचा पडदा निरोगी असल्याचा तो पुरावा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. या सर्वांना ओसीटीची गरज नाही. गरज आहे ती वर्षातून एकदा पडद्याच्या तपासणीची, आणि त्यात शंका आलेल्यांना छेदचित्राची.

पीतबिंदूच्या इतर आजारांतही छेदाने जुने तर्क मिटवले आहेत. पीतबिंदूला पडणारे भोक नेमके कसे पडते याबद्दल पूर्वी अनुमानेच होती. काचाभ द्रवाचे आवरण वयानुसार सुटताना खळग्याच्या मध्याला चिकटून राहते आणि ओढ देते, हे ओसीटीने प्रत्यक्ष दाखवले, आणि आता भोकाची रुंदी मोजून शस्त्रक्रियेच्या यशाची शक्यता आधीच सांगता येते. तिशी ते पन्नाशीतील पुरुषांत अधिक आढळणाऱ्या आणि ताण किंवा स्टेरॉइड औषधांशी संबंध असलेल्या एका विकारात पडद्याखाली स्वच्छ द्रवाचा फुगा येतो. २००८ मध्ये रिचर्ड स्पेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छेद अधिक खोलवर नेण्याची पद्धत मांडल्यावर या डोळ्यांत मागचे रंजितपटलच जाड झालेले असते हे उघड झाले. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये पडद्यावर समोरून काही दिसण्याआधीच छेदातील प्रकाशग्राही पेशींची रेघ खळग्याच्या दोन्ही बाजूंना तुटू लागते, आणि म्हणूनच अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीच्या २०१६ च्या शिफारशीत या औषधाच्या पाच वर्षांनंतरच्या वार्षिक तपासणीत दृष्टिक्षेत्रमापनाच्या, म्हणजे नजर स्थिर असताना आजूबाजूचे कितपत दिसते हे मोजणाऱ्या तपासणीच्या, जोडीने ओसीटीचा समावेश आहे. हे नुकसान औषध थांबवूनही भरून येत नाही, त्यामुळे ते लवकर दिसणे हाच काय तो उपाय.

दृष्टिपटलावरील चेतातंतू एका जागी गोळा होऊन डोळ्याबाहेर पडतात आणि मुख्य नस, म्हणजे दृष्टिचेता, तयार होते. ती बाहेर पडते तेथील सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची फिकट गोल जागा म्हणजे नसेची चकती. दहा-बारा लाख तंतू येथे कडेवरून आत वळतात, त्यांची मिळून एक कड बनते आणि मध्ये वाटीसारखा खोलगट भाग उरतो. काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरतात, कड झिजते आणि वाटी रुंदावते. हा आजार वेदना देत नाही, सुरुवातीला समोरची नजर कमी करत नाही, आणि दोन्ही डोळ्यांची क्षेत्रे एकमेकांची उणीव भरून काढत असल्यामुळे कडेचे दिसणे गेले आहे हे रुग्णाच्या लक्षात फार उशिरा येते. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता, आणि त्यांतील बहुसंख्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हते. मरणोत्तर डोळ्यांवरील अभ्यासांनी दाखवले आहे की दृष्टिक्षेत्रमापनात निश्चित दोष दिसण्याच्या वेळेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश गँग्लिऑन पेशी नष्ट झालेल्या असू शकतात. या मधल्या काळात नसेचे नुकसान हेरणे हे ओसीटीचे काचबिंदूतील खरे काम.

त्यासाठी यंत्र चकतीभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे एक वर्तुळ कल्पून त्या वर्तुळावर चेतातंतूंच्या थराची जाडी मोजते. निरोगी डोळ्यात ही सरासरी नव्वद ते शंभर मायक्रॉनच्या घरात असते, पण ती सगळीकडे सारखी नसते. वर आणि खाली थर जाड, नाकाच्या व कानाच्या बाजूला पातळ, आणि म्हणून ती आलेखावर मांडली की दोन उंचवट्यांची रेघ तयार होते. काचबिंदूत बहुधा खालच्या उंचवट्याचा कानाकडील भाग आधी खचतो, आणि जाडीच्या नकाशावर तेथे चकतीपासून पंख्यासारखी पसरत गेलेली निळसर पाचर दिसते. त्याच वेळी पीतबिंदूभोवतीच्या गँग्लिऑन पेशींच्या थराची वेगळी मोजणी केली जाते, कारण अशा पेशींपैकी जवळपास निम्म्या तेथेच एकवटलेल्या असतात. एकाच जागेवर पाचर, आलेखातील खळगा, पेशीथराचे पातळ होणे आणि दृष्टिक्षेत्राच्या त्याच्याशी जुळणाऱ्या वरच्या भागातला दोष, अशी साखळी जुळली की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

अडचण येते ती रंगांपाशी. प्रत्येक मोजमापाभोवती यंत्र हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरते. पिवळा म्हणजे निरोगी समजल्या गेलेल्या शंभर समवयस्कांत ही जाडी पाचांपेक्षाही कमी जणांत आढळते, आणि लाल म्हणजे एकाहूनही कमी जणांत. या व्याख्येतच अशी कबुली आहे की पूर्ण निरोगी माणसांतही काहींना पिवळा किंवा लाल रंग मिळणारच, आणि एका अहवालात डझनावारी जागी रंग भरले जात असल्यामुळे कोठेतरी एक डाग पडण्याची शक्यता आणखी वाढते. ही तुलना ज्या संग्रहाशी केली जाते तो किती लहान असतो याची कल्पना रुग्णांना नसते: व्यापक वापरातील एका यंत्राचा मूळ संग्रह तीनशेहून कमी प्रौढांचा आहे आणि त्यात भारतीय वंशाच्या व्यक्तींचे प्रमाण नगण्य आहे. अठराच्या आतील मुलांसाठी अशा संग्रहात तुलनाच नसते, आणि चष्म्याचा नंबर फार मोठा असलेल्यांना या संग्रहातून बहुधा वगळलेले असते. उणे सहा-सात नंबरच्या डोळ्याचा गोल लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणून पातळ होतो, दोन्ही उंचवटे कानाच्या बाजूला सरकतात, आणि निरोगी नसेवर यंत्र लाल रंग उमटवते. नेत्रवैद्य याला 'रेड डिसीज' म्हणतात. असा अहवाल हातात घेऊन, काचबिंदू झाला या भीतीने महिनोन्‌महिने थेंब टाकणारी तरुण मंडळी हे या तंत्राचे दुर्दैवी उपफल आहे. याच्या उलट प्रकार अधिक घातक: मुळात जाड थर लाभलेल्या माणसाचे पंधरा-वीस मायक्रॉन गेले तरी तो हिरव्या पट्ट्यातच राहतो आणि अहवाल त्याला निर्दोष ठरवतो.

म्हणून एका अहवालापेक्षा त्याच डोळ्याचे, त्याच यंत्रावर, काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले तीन-चार अहवाल कितीतरी अधिक सांगतात. वयोमानाने हा थर वर्षाला साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास पातळ होतो, आणि सरासरी जाडीच्या दोन मोजण्यांत यंत्राचीच चूक चार-पाच मायक्रॉन असू शकते. त्यापेक्षा मोठी आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही टिकलेली घट हीच आजार पुढे सरकत असल्याची खूण. शेवटच्या टप्प्यात मात्र हे मोजमाप निरुपयोगी होते. सगळे तंतू गेले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या उरतात, त्यामुळे आकडा पन्नास-पंचावन्न मायक्रॉनच्या खाली सहसा जात नाही, आणि अशा डोळ्यात आजाराचा माग केवळ दृष्टिक्षेत्रमापनानेच ठेवावा लागतो.

नसेचे सगळे आजार काचबिंदू नसतात, हेही छेदचित्रानेच पुष्कळदा लक्षात येते. पीयूषिका ग्रंथीची गाठ दोन्ही नसांच्या फुलीवर दाब देते तेव्हा पेशीथराचे पातळ होणे मध्यरेषेला धरून, नाकाच्या बाजूला अर्धे दिसते. ते ओळखले तर रुग्ण थेंबांऐवजी मेंदूच्या एमआरआयकडे जातो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी थर किती शाबूत आहे यावरून नजर परत येण्याची आशा किती हेही अजमावता येते. डोकेदुखीच्या रुग्णात चकती फुगलेली दिसली तर ती कवटीतील वाढलेल्या दाबामुळे आलेली सूज आहे की चकतीत पुरलेल्या कॅल्शियमयुक्त गाठींमुळे आलेला जन्मजात उंचवटा, हा प्रश्न जिवावरचा असतो, आणि खोलवर जाणारा छेद त्या गाठी दाखवू शकतो. तरीही संशय उरला तर एमआरआयला पर्याय नाही.

भारताच्या दृष्टीने यांत सर्वांत जवळचा विषय क्षयरोगाचा आहे. राष्ट्रीय कार्यक्रमातील नित्य औषधयोजनेत इथांब्युटोल हे औषध संपूर्ण सहा महिने दिले जाते, आणि थोड्या रुग्णांत, विशेषतः मात्रा वजनाच्या मानाने जास्त झाली किंवा मूत्रपिंडे दुबळी असली तर, ते दृष्टिचेतेला इजा करते. रंग फिके वाटणे आणि वाचताना मधोमध अंधूक दिसणे ही पहिली लक्षणे. येथे ओसीटीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरते, कारण तंतूंचे कार्य आधी बिघडते आणि थर पातळ व्हायला आठवडे-महिने लागतात. लक्षणे असताना छेद स्वाभाविक आला म्हणून औषध चालू ठेवले तर जे नुकसान परतवता आले असते ते कायमचे होऊन बसते. औषध तत्काळ थांबवायचे की नाही हे क्षयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, पण त्याच आठवड्यात ठरले पाहिजे; ओसीटीचे काम त्या वेळी एवढेच की थराची त्या दिवसाची जाडी पुढच्या तुलनेसाठी नोंदवून ठेवणे.

छेदचित्रे वाचण्याचे काम आता संगणकही करू लागला आहे. लंडनचे मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय आणि डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सुमारे पंधरा हजार छेदचित्रांवर शिकवलेली प्रणाली, कोणत्या रुग्णाला किती तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे या निर्णयात अनुभवी नेत्रवैद्यांच्या तोडीची ठरली. याशिवाय, एकाच जागेचे छेद लागोपाठ घेऊन त्यांतील फक्त वाहत्या रक्तपेशींमुळे होणारा बदल वेगळा काढला की रंगाचे इंजेक्शन न देता केशवाहिन्यांचे जाळे दिसते, आणि मधुमेहात कोणत्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला हे कळते. मात्र छेद मध्यभागाचा असतो. पडद्याच्या कडेला पडलेली फाट, ज्यातून पुढे पडदा सुटतो, ती नेहमीच्या ओसीटीत दिसत नाही, आणि डोळ्यासमोर अचानक काजवे चमकू लागलेल्या किंवा काळे ठिपके तरंगू लागलेल्या माणसाने ओसीटीचा चांगला अहवाल घेऊन निर्धास्त घरी जाणे बरोबर नाही. त्याची बाहुली मोठी करून पडद्याची कड तपासली गेली पाहिजे.

ही यंत्रे लाखो रुपयांची असल्यामुळे ती मुख्यतः शहरांत एकवटलेली आहेत, आणि गावाकडचा रुग्ण एक तपासणी एका शहरात, पुढची दुसऱ्या शहरात, तिसरी मुलाच्या नोकरीच्या गावी अशी करत राहतो. यंत्र बदलले की आकडाही बदलतो, कारण पडद्याची मागची सीमा कोणती धरायची हे प्रत्येक उत्पादकाने आपापले ठरवलेले आहे. अमेरिकेतील चाचण्यांत पीतबिंदूच्या केंद्राला सूज आहे असे म्हणण्यासाठी एका यंत्रावर स्त्रियांसाठी २९० व पुरुषांसाठी ३०५ मायक्रॉनची मर्यादा धरली गेली, तर दुसऱ्यावर तीच अनुक्रमे ३०५ आणि ३२० होती. त्यामुळे एका दवाखान्यात ३०० आणि दुसऱ्यात ३१५ असा आकडा आलेल्या रुग्णाची सूज वाढलेलीच असेल असे नाही. अहवालाच्या कागदावर शेकडो छेदांपैकी एक-दोनच छापलेले असतात, आणि पुष्कळदा द्रवाची नेमकी जागा न छापलेल्या छेदात असते. म्हणून दवाखाना बदलताना केवळ रंगीत कागद न नेता मूळ चित्रांची फाइल मागून घ्यावी, तारीख आणि यंत्राचे नाव त्यावर असल्याची खात्री करावी. ती मिळत नसेल तर नव्या यंत्रावर थोड्या दिवसांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करून घ्यावी, आणि पुढची तुलना त्या दोन अहवालांशी व्हावी.